मैनपाटला नेलेला कोट

आमच्या घरात बॅग भरायचं काम कधीच एका माणसाकडे नसतं. तिघं मिळून भरतो, आणि तिघं तीन गावांना निघाल्यासारखे भरतो. मे महिन्यात मैनपाटला जायचं ठरलं तेव्हा आईनं उन्हाची लू लागणार असं धरून बॅग भरली, बाबांनी थंडी वाजणार असं धरून भरली, आणि मी मोबाइलवर हवामान बघून भरली. मोबाइलवर एकाच दिवसापुढे सूर्य, ढग, वीज आणि छत्री अशी सगळी चित्रं होती. त्यामुळे मी प्रत्येकासाठी थोडं थोडं घेतलं आणि कशालाच पुरेल असं काही घेतलं नाही.

मैनपाट सरगुज्यातल्या डोंगरावर आहे. त्याला छत्तीसगडचं शिमला म्हणतात. असं म्हणणाऱ्यांपैकी शिमला पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. वर तिबेटी लोकांच्या वस्त्या आहेत, त्यांचा विहार आहे, आणि भर उन्हाळ्यातही तिथं गारवा असतो अशी ख्याती आहे. आम्ही मात्र विहार बघायला निघालो नव्हतो की गारवा खायला. आम्ही बाबांच्या कोटासाठी निघालो होतो.

कोटाची हकिकत सांगायला हवी. मी शाळेत असताना बाबांनी तो दुर्गच्या एका टेलरकडून शिवून घेतला. गडद निळा, लोकरी, आत अस्तर, पुढे तीन बटनं. वर्षातून एकदाच, चौदा एप्रिलला, जयंतीच्या मिरवणुकीसाठी तो कपाटातून बाहेर निघतो. त्या दिवशी आमच्या भिलाईत डांबर चपलेला चिकटत असतं. बाबा पांढरा शर्ट घालतात, लाल टाय बांधतात, वर कोट चढवतात, तिन्ही बटनं लावतात आणि मिरवणूक संपेपर्यंत एकही उघडत नाहीत. कोटवाले मिरवणुकीत आणखीही असतात, पण चौकातल्या सरबताच्या स्टॉलपाशी त्यांची बटनं सुटतात. बाबांची सुटत नाहीत.

कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "आठ तास कोक ओव्हनवर जाडा कोट घालून उभा राहत होतो. खाली भट्टी, वरतं सूर्य. तिथं कोनी म्हनलं का, कावून घातला? मंग इथं कावून इचारून राहिले?"

भट्टीपाशी नोकरी केलेला माणूस गरमीत कपडे काढत नाही, चढवतो. बाकीचं जग उकडलं की बनियनवर येतं, आणि बाबा उकडलं की पूर्ण बाह्यांचा शर्ट मागतात. ते रिटायर झाले, सेक्टर १० मधलं स्टील प्लँटचं क्वार्टर सुटलं, जामुलच्या बाजूला आमचं स्वतःचं घर झालं, पण ही सवय काही सुटली नाही. मेच्या दुपारी ते जाड चादर पांघरून झोपतात आणि आई शेजारी बसून, त्यांच्याकडे रागानं बघत, पेपरनं स्वतःला वारा घालत असते.

त्या वर्षीच्या मिरवणुकीत गडबड झाली. चौकात आल्यावर बाबा दुभाजकावर बसले. कोणाला काही न सांगता, बसची वाट बघत असल्यासारखे बसले. चेहऱ्याचा रंग उडाला होता. आई पुढच्या बायकांमधून धावत मागे आली, तिनं वाकून फटाफट तिन्ही बटनं उघडली, टाय ओढून काढला आणि कोणाच्या तरी बाटलीतलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. डॉक्टरनं बीपीची गोळी वाढवून दिली आणि उन्हात कोट बंद, असं बजावलं. चक्कर आल्याचं बाबांना फारसं काही वाटलं नाही. चारचौघांत बायकोनं बटनं उघडली, हे मात्र त्यांच्या फार जिव्हारी लागलं. पुढे कितीतरी दिवस ते आईशी कामापुरतंच बोलत होते.

आईनं आपला निकाल देऊन टाकला. "कोट माह्या भाच्याले देऊन टाकते. पोराचं लग्न आहे थंडीत. कामी तरी येईन."

बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. "दे. मी नाय म्हनत नाय. पन द्याच्या आंधी एक डाव मले घालू दे. तिनही बटनं लावून. जिथं घाम येनार नाय अन् कोनी बटनं उघडनार नाय, अशा जाग्यावर."

"मंग थंडी येऊ द्या. घाला घरीच."

"भिलाईत थंडीत कोट घातला त लोक इचारते, कोनाची वरात आहे?"

हे खरं होतं. आमच्याकडची थंडी अर्ध्या स्वेटरवर निभते. कोट दिसला की लोक नवरदेव शोधायला लागतात. शिवाय थंडीपर्यंत थांबायची बाबांची तयारी नव्हती. आईच्या हातून वस्तू कधी भाच्याच्या घरी पोचेल याचा नेम नसतो, हे त्यांना लग्नापासून ठाऊक आहे. म्हणून मैनपाट. हथखोजला मी ज्या कारखान्याच्या ऑफिसात काम करते तिथून मी रजा घेतली. नेमकी त्याच दिवसांत बुद्धपौर्णिमा येत होती. पांढरी साडी नेसून विहारात जाता येईल म्हटल्यावर आईही तयार झाली. तिनं आपली पांढरी सुती साडी घरात पंख्याखाली वाळवली, कारण जामुलला सिमेंट कारखान्याच्या धुळीत बाहेर दोरीवर घातलेलं पांढरं काही पांढरं म्हणून आत येत नाही.

मग बॅग भरायला काढली. बॅग एकच न्यायची असं मी सांगितलं होतं, कारण अंबिकापूरपासून पुढे जीप होती. बाबांचा कोट बॅगेत जाणार नव्हता. घडी पडली तर टेलर काय म्हणेल, असं त्यांना वाटत होतं. टेलर वारून बरेच दिवस झाले होते. कोट हँगरवर, वरून जुन्या पलंगपोसाची खोळ, आणि तो हातात धरून न्यायचा, असं ठरलं. बाकी बॅगेत त्यांनी मफलर घातला, लोकरी मोजे घातले, आणि आईची राखी रंगाची शाल तिच्या साड्यांखाली नीट दाबून ठेवली.

ते आंघोळीला गेल्यावर आई बॅगेवर बसली. तिच्याजवळ कैरीच्या पन्ह्याची बाटली होती, मीठ-साखरेच्या पुड्या होत्या, ओले करून डोक्याला गुंडाळायला चार गमछे होते आणि एक पिशवी भरून कांदे होते. खिशात कांदा असला की लू लागत नाही यावर तिचा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास आहे. बॅगेत जागा नव्हती. तिनं मफलर काढला, मोजे काढले, शाल काढली, आणि शालीच्या जागी कांदे ठेवले.

"आई, शाल रहने दे ना. उप्पर थंडी असू शकते," मी म्हटलं.

"मे महिन्यात शाल नेनारी बाई मी नोहोय," ती म्हणाली. "तुह्या बापाले तिथं चक्कर आली त मी काय शाल घालू त्याइच्या डोक्यावर?"

चेन लागली आणि सगळे खूश झाले. बाबांना वाटलं थंडीची तयारी झाली, आईला वाटलं उन्हाची झाली.

दुर्गला अंबिकापूरच्या गाडीत बसलो. बाबांनी कोट खिडकीजवळच्या खुंटीला टांगला आणि त्याच्याकडे तोंड करून बसले. समोरच्या बर्थवरच्या माणसानं खोळीखालची निळी बाही पाहिली आणि आदरानं विचारलं, "अंकल, किसकी शादी में जा रहे हैं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बघ, मी काय म्हणत होतो, असं ते बघणं होतं.

मैनपाटला पोचलो तेव्हा वर ऊन होतं. भिलाईचंच ऊन, फक्त त्यात सिमेंट नव्हतं. आम्ही वस्तीतल्या एका छोट्या लॉजवर उतरलो. बाबा रोज सकाळी खिडकीतून हात बाहेर काढायचे, थोडा वेळ तसाच धरायचे, मग आत घ्यायचे आणि कोटाची खोळ पुन्हा नीट करायचे. आई त्यांच्या शर्टाच्या खिशात कांदा टाकायची. तिला बोलायची गरजच नव्हती, सूर्य तिच्या बाजूनं होता. दुपारी आम्ही तिघं ओले गमछे डोक्याला बांधून धबधब्याच्या जागी गेलो. तिथं पाणी नव्हतं, पण पाणी कुठून पडतं ती जागा दाखवणारा माणूस होता. परत येताना बाबा एवढंच म्हणाले, "शिमल्यातबी असंच असंन."

मला वाईट वाटत होतं. आयुष्यभर त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि मागितलं तर हे, की एक कोट अंगावर घालून घाम येऊ नये. तेवढंही आम्हाला जमत नव्हतं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची परतीची गाडी होती.

पौर्णिमेच्या दिवशी आई पांढरी साडी नेसून विहारात आली. बाबांनी पांढरा शर्ट आणि टाय घातला, कोट हातावर घेतला. ऊन होतंच. विहार सामसूम होता. एक तरुण भिक्खू आवार झाडत होते. त्यांनी अदबीनं हिंदीत सांगितलं की त्यांच्या पंचांगाप्रमाणे यंदा त्यांचा सण पुढच्या पौर्णिमेला आहे.

आईनं थोडा विचार केला. "चंद्र त एकच आहे ना?" ती मला म्हणाली, आणि आत जाऊन बसली. तिनं आपली वंदना आपल्या आवाजात म्हटली. भिक्खू झाडू बाजूला ठेवून मागे येऊन बसले आणि ती संपेपर्यंत उठले नाहीत.

बाहेर आलो तर ऊन गेलं होतं. पश्चिमेकडून काळं आभाळ आलं, मग वारा सुटला, धुळीचा लोट आला, आणि आम्ही रस्त्यावरच्या पत्र्याच्या चहाटपरीकडे धावलो. पोचायच्या आत गारा सुरू झाल्या. पत्र्यावर असा आवाज झाला की चहावाल्या तिबेटी बाईला किती चहा हे बोटांनीच विचारावं लागलं. बघता बघता रस्ता पांढरा झाला आणि जो गारठा पडला, तो मी भिलाईत जानेवारीतही अनुभवलेला नव्हता.

बाबा आडोशाला उभे राहिले. त्यांनी कोट झटकला, अंगात घातला, खालून वर तिन्ही बटनं लावली. मग कपाळावरून हात फिरवून तो हात बघितला. मानेवरून फिरवला, तोही बघितला.

"घाम नाय," ते मला म्हणाले.

मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. बाबा टपरीच्या पुढच्या बाजूला, सगळ्यांना दिसतील असे, ताठ उभे राहिले. लोक येत जात होते. चहावाल्या बाईनं जाड लोकरी कोट चढवला होता. जीपवाल्यांच्या अंगात जाकिटं होती. रायपूरकडची एक फॅमिली गाडीतून उतरली, त्यांच्या लहान मुलांनीसुद्धा कानटोप्या घातलेल्या. बाबांकडे कोणी बघितलं नाही. कोणी वरात विचारली नाही की कावून घातला असंही विचारलं नाही. बाबांनी बराच वेळ वाट पाहिली. मग ते माझ्याजवळ आले.

"इथं त सगळ्यायनच घातला आहे," ते हळूच म्हणाले.

तोवर मागे आईचे दात वाजायला लागले होते. तिची साडी भिजून अंगाला चिकटली होती. तिनं एक गमछा डोक्याला, एक गळ्याला आणि दोन खांद्यांवर असे चारही गमछे गुंडाळले होते, आणि ते सकाळीच ओले केलेले होते. मी माझा रेनकोट तिला दिला, तो प्लास्टिकचा होता, त्यानं ती आणखी गारठली. हातात कांद्याची पिशवी तशीच होती.

बाबा तिच्यासमोर गेले. त्यांनी आपल्या हातानं वरचं बटन उघडलं, मग मधलं, मग खालचं.

"राहू द्या ना," आई म्हणाली. "त्याच्याचसाठी त आले इथपर्यंत. तुमी घाला."

"तुही शाल मी बॅगेत ठेवली होती."

"मी काढली."

"मालूम आहे," बाबा म्हणाले. त्यांनी तिचे गमछे उतरवले, कोट तिला घातला आणि तिची बोटं वळत नव्हती म्हणून बटनंही स्वतःच लावली. तिचे हात बाह्यांमध्ये नाहीसे झाले. मग ते चार पावलं मागे सरकले आणि टायवर, नुसत्या शर्टात, काकडत तिच्याकडे बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की आई लाजली.

"लय चांगला शिवला टेलरनं," ते म्हणाले. "मी आजवर याले आतूनच पायलं. बाहेरून कसा दिसते, मले मालूमच नोहोतं."

आईनं कोटातच खांदे हलवून बघितले. "किती जड आहे हो हे. हे घालून तुमी उन्हात चालत होते?"

"हो."

"कावून?"

हा प्रश्न तिनं आयुष्यभर विचारला होता, पण भांडताना. आज ती खरंच विचारत होती. बाबांनी नेहमीचं भट्टीचं उत्तर दिलं नाही. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून ते रस्त्यावरच्या गारांकडे बघत बोलले.

"माह्या बापापाशी एक सदरा होता. धुतलेला. बाजारच्या दिवशी घाले. पन गावातल्या मोठ्या घरापुढून जाताना तो उतरून काखेत घ्या लागे. घालून गेलेला चालत नोहोता त्याइले. उन्हाचा, उघड्या आंगानं जाए. वेस संपली का मंग घाले, अन् बटनं लावे. मी लहान होतो, संगं राहो. म्हनून मी उघडत नाय."

टपरीत कोणाला मराठी कळत नव्हती. गारा थांबल्या होत्या, त्यामुळे मला प्रत्येक शब्द ऐकू आला. आजोबा गरीब होते एवढंच मला माहीत होतं. मी ग्लासात बघत राहिले.

आईला चौक आठवला असणार. दुभाजक, सगळी माणसं, आणि तिचे स्वतःचे हात. तिचा चेहरा पार उतरला. "मले सांगाचं ना एक डाव तरी," ती म्हणाली.

"इचारलं कोनी?" बाबा म्हणाले. रागानं नाही म्हणाले. मग त्यांनी चहावाल्या बाईला आणखी तीन चहा बोटांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी जीप डोंगर उतरली तसं खाली पुन्हा ऊन लागलं. आईनं कोट काढला नाही. अंबिकापूरच्या स्टेशनवर ती निळ्या कोटात, कपाळावर घामाचे थेंब घेऊन, कांद्याच्या पिशवीसकट बसून राहिली. मी फोटो काढते म्हटलं तर म्हणाली, "तुह्या बापालेबी घे."

कोट भाच्याकडे गेला नाही. त्याच्या लग्नात तिनं भांडी दिली. कोट कपाटात डांबरगोळ्यांसकट परत लागला.

पुढच्या चौदा एप्रिलला सकाळी बाबा पांढरा शर्ट आणि लाल टाय घालून खुर्चीवर बसले होते. कोटाचं नाव त्यांनी काढलं नाही. डॉक्टरचं म्हणणं त्यांनी मान्य केलं होतं, पण ते मान्य केलेलं त्यांच्या बसण्यातून दिसत होतं. आई आतून पांढरी साडी नेसून आली. तिनं कपाट उघडलं, हँगर काढला, आरशासमोर उभी राहून साडीवर कोट घातला आणि एकेक करून तिन्ही बटनं लावली.

"अगं, डॉक्टरनं—" बाबा उठलेच.

"डॉक्टरनं तुमाले मना केली," आई म्हणाली. "मले नाय."

मिरवणुकीत लोकांनी वळून वळून बघितलं. काही जण हसले, काहींनी मोबाइल काढले. बाबा तिच्या बाजूनं चालत होते. त्यांच्या एका हातात पाण्याची बाटली होती, खांद्यावर ओला गमछा होता आणि शर्टाचे दोन्ही खिसे कांद्यांनी फुगले होते. चौकात सरबताच्या स्टॉलपाशी कोटवाल्या माणसांची बटनं नेहमीप्रमाणे सुटली. आईचा चेहरा लालबुंद झाला होता आणि हनुवटीवरून घाम कॉलरवर ठिबकत होता.

मी तिच्याजवळ गेले. "आई, गरम होऊन राहिलं असंन ना? एक तरी बटन उघड."

"होते ना गरम," आई म्हणाली. बाबांनी पुढे केलेल्या बाटलीतून तिनं घोटभर पाणी घेतलं, वरचं बटन नीट लागलंय का ते चाचपून बघितलं, आणि पुढे चालू लागली.